वर्तकनगरची शीतळामाई, १९० लिटर

वर्तकनगरातल्या त्या जुन्या चार मजली इमारतीच्या जिन्यावर रविवारी सकाळी नऊ वाजल्यापासून रांग लागली होती. रांगेत नारळ होते, हार होते, एका आजोबांच्या हातात तर नैवेद्य म्हणून बर्फाचा ट्रे होता. तिसऱ्या मजल्यावर हौसाबाईंच्या घरी शीतळामाई प्रकट झाली होती. आणि एवढे डोंगर, टेकड्या, तळी मोकळी पडलेली असताना माईने गाभारा म्हणून निवडला होता एक लाल, एका दाराचा, एकशे नव्वद लिटरचा फ्रिज.

मृणाल या रांगेत दुसऱ्या मजल्यावर अडकली होती. ती कोलशेतला राहायची आणि गेली बारा वर्षं स्कूटरवर हत्यारांची पिशवी टाकून ठाणेभर फ्रिज दुरुस्त करत फिरायची. फोनवर तिने "मेकॅनिक बोलतेय" म्हटलं की समोरचा "मग मेकॅनिकला फोन द्या ना" म्हणायचा, याची तिला सवय झाली होती. आजचा अनुभव मात्र नवाच होता. हौसाबाईंच्या मुलाने, विनीतने, काल फोनवर आवाज बारीक करून सांगितलं होतं, "मॅडम, फ्रिज थंड करत नाहीये. दूध नासतंय. पण प्लीज, आईसमोर रिपेअरिंग वगैरे म्हणू नका. दर्शनाला आलेय म्हणा."

"कोणाच्या दर्शनाला?"

"फ्रिजच्या," असं म्हणून विनीतने फोन ठेवून दिला होता.

"पहिल्यांदाच का?" रांगेतल्या पुढच्या बाईंनी मागे वळून विचारलं.

"हो."

"मग बूट खालीच काढायचे होते. माईला अनवाणी लागतं. वर दारात बादली ठेवलीये, पाय ओले करून आत जायचं."

"ओले कशाला?"

"पावित्र्य!" बाई म्हणाल्या. "आणि मनात पाप असेल ना, तर हात लावल्या लावल्या माई झिणझिण्या देते. पाप मोठं असेल तर सणसणीत झटका. माझ्या जावेला असा बसला, दोन पावलं मागे गेली." जावेच्या झटक्याचं समाधान त्यांच्या आवाजात काही केल्या लपत नव्हतं.

"आणि तुम्हाला?"

"मी नाही अजून हात लावला. मी आपली लांबूनच नमस्कार करते."

ओले पाय, लोखंडी पेटी आणि झिणझिण्या. मृणालचं निदान जिन्यातच झालं. असे फ्रिज तिने वर्षाला पाच-सहा पाहिले होते, फक्त त्यांच्या गळ्यात हार नसायचा. पण जिन्यात शंका काढणाऱ्याला लोक जिन्यातूनच खाली पाठवतात, हे ती जाणून होती. रबरी तळव्याचे बूट काढायची मात्र तिची तयारी नव्हती. तिने थोडा विचार केला आणि मोठ्याने म्हणाली, "पायाला नायटा झालाय हो. बूट काढले तर सगळ्यांना लागेल."

रांग भिंतीला चिकटली. मृणाल मधून सरळ तिसऱ्या मजल्यावर पोचली.

हॉलमध्ये देव्हाऱ्याशेजारी फ्रिज उभा होता. त्याला वरपासून खालपर्यंत हिरवी जरीची साडी नेसवलेली, समोर समई, उदबत्त्या आणि ओट्यांचा ढीग. दाराची वरची लोखंडी बिजागरी तेवढी उघडी ठेवलेली. तिचा रंग उडाला होता आणि त्या जागी बोटभर कुंकू थापलं होतं. हे माईचं ललाट. हात लावायचा तो इथेच. शेजारी दर्भाच्या आसनावर साईनाथबुवा उभे होते. वय चाळिशीचं, अंगात रेशमी कुर्ता, आवाज लग्नाच्या बँडला माइकची गरज लागू न देणारा.

"विज्ञान जिथे थांबतं," बुवा म्हणत होते, "तिथे माझ्या माईचा कॉम्प्रेसर सुरू होतो! शास्त्रज्ञ म्हणतात ऊर्जा. ऋषी काय म्हणाले? ऊर्जाच! व्हायब्रेशन! फ्रिक्वेन्सी! तुमच्या मनाची फ्रिक्वेन्सी शुद्ध, तर माई शांत. अशुद्ध, तर माई बोलते. कुठे बोलते? बोटात बोलते!"

लोकांनी माना डोलावल्या. ज्यांना यातलं काहीच कळलं नव्हतं त्यांनी जरा जास्त डोलावल्या.

विनीतने मृणालला पाहिलं आणि "प्रसादाला मदत करायला आल्यात" असं पुटपुटत तिला स्वयंपाकघरात नेलं. तिथे त्याची बायको रसिका शिरा ढवळत होती. मृणालने हळूच विचारलं, तेव्हा रसिकाने घशाशी आलेलं सगळं सांगून टाकलं.

दोन महिन्यांपूर्वी साईनाथबुवा या घरात आले ते वास्तुतज्ज्ञ म्हणून. विनीतचं प्रमोशन अडलं होतं. बुवांनी घरभर होकायंत्र फिरवलं आणि दोष पकडला: फ्रिज चुकीच्या दिशेला आहे. तो देव्हाऱ्याशेजारी, भिंतीला घट्ट चिकटवून ठेवा. आता देव्हाऱ्याशेजारी पॉइंट होता तो गणपतीच्या दिव्यांच्या माळेसाठी घेतलेला, दोन भोकांचा. फ्रिजचा प्लग तीन पिनांचा, तो जाईना. मग बुवांनीच कोणा ओळखीच्याला आणून तो प्लग कापला आणि दोन पिनांचा बसवला.

"आणि मग तीन आठवड्यांपूर्वी मी ओल्या फडक्याने फ्रिज पुसत होते," रसिका म्हणाली, "तर असा करंट बसला! मी ओरडले. आई धावत आल्या, त्यांनी हात लावला, त्यांना काहीच नाही. मी म्हटलं इलेक्ट्रिशियन बोलवू. आईंनी बुवांना बोलावलं. बुवा म्हणाले, माई प्रकटली. सासू पुण्यवान म्हणून शांत आणि सुनेच्या मनात पाप."

"तुम्ही तेव्हा अनवाणी होता?"

"घरात कोण चपला घालतं? आई घालतात. त्यांची टाच दुखते ना, डॉक्टरांनी मऊ रबराच्या स्लिपर दिल्यात. चोवीस तास पायात. बुवांनीसुद्धा त्यांना सूट दिलीये."

मृणालने दारातून पाहिलं. हौसाबाई माईच्या उजव्या हाताला खुर्चीत बसल्या होत्या, पायात निळ्या स्लिपर, चेहऱ्यावर तीन आठवडे जुनं पुण्य. साताऱ्याकडच्या मोकळ्या स्वभावाची बाई, पण अख्ख्या इमारतीने पाया पडायला सुरुवात केली की भल्याभल्यांचं डोकं हलतं. सोसायटीचे सेक्रेटरी गुडघ्यामुळे स्पोर्ट्स शूज घालून आले, तेही पुण्यवान ठरले होते. आणि तळमजल्यावरचे साधे भजनीबुवा, ज्यांनी जन्मात कोणाची काडी घेतली नाही, ते नेमाने पाय धुवून आले आणि बिचारे पापी निघाले. तेव्हापासून त्यांच्या भजनाला कोणी फिरकत नव्हतं.

"आणि आज काय आहे? एवढी गर्दी?"

रसिकाने फक्त मोरीच्या बाजूला पाहिलं. तिथे, भांडी घासायच्या जागी, पन्नाशीच्या एक बाई पाटावर बसल्या होत्या. नाकी डोळी ठसठशीत, पदर खोचलेला, हात ओले.

"जाईबाई," रसिका म्हणाली. "अकरा वर्षं आहेत आमच्याकडे. मंगळवारपासून आईंची मोत्याची नथ सापडत नाहीये. त्यांच्या सासूबाईंची नथ. बुवा म्हणाले, माईचा कौल लावू. अकरा वाजता."

"कौल म्हणजे हात लावायचा?"

"ओलेत्याने," जाईबाई स्वतःच बोलल्या. आवाज शांत होता, फार शांत. "डोक्यावरनं कळशी ओतणार. मग पितळी परातीत पाणी, त्यात दोन्ही पाय, आणि दोन्ही हात त्या बिजागरीवर. झटका बसला तर मी चोर. मी देवीबिवीला कौल लावणाऱ्यातली नाय ताई, आमच्या घरात ते चालत नाय. पण नाय म्हटलं तर म्हणतात, घाबरली म्हणजे चोरच. याच बिल्डिंगीत माझी अजून चार घरं आहेत. सगळी बसलीत बघा बाहेर."

रसिकाला कोरड्या फरशीवर झटका बसला होता आणि ती ओरडून सुटली होती. चिंब भिजलेली बाई, पाय पाण्यात, दोन्ही हात लोखंडावर. ती ओरडायलाही उरणार नव्हती. घड्याळात साडेदहा झाले होते.

ती बाहेर गेली, माईसमोर भक्तिभावाने वाकली आणि हात जोडता जोडता मुठीतल्या टेस्टरचं टोक तिने बिजागरीला लावलं. टेस्टरमधला दिवा लख्ख पेटला. लोकांना वाटलं बाई फार वेळ नमस्कार करतेय. कोणीतरी "केवढी श्रद्धा" असंही म्हणालं.

आत येऊन तिने विनीतला सांगितलं, "बॉडीत पूर्ण करंट आहे. आत्ताच्या आत्ता बंद करा."

"मॅडम, मला पण डाउट होताच," विनीत म्हणाला. "मी इंजिनियर आहे. पण आईचं बीपी... एवढी माणसं..."

"तुम्ही इंजिनियर आहात?"

"सॉफ्टवेअर," विनीत खाली बघत म्हणाला.

मृणालला हसू आलं आणि रागही आला. मग तिला एक सोपा मार्ग सुचला आणि ती जाईबाईंजवळ जाऊन बसली. "मावशी, ऐका. मी साडीमागून गुपचूप प्लग काढते. तुम्ही खुशाल हात लावा. झटका बसणार नाही. बुवांना झक मारत तुम्हाला निर्दोष म्हणावं लागेल."

जाईबाईंनी क्षणभर विचार केला. मग नकारार्थी मान हलवली.

"आज देवीने सोडवलं म्हणजे उद्या देवीनेच पकडलं. आणि माझ्यानंतर त्या परातीत दुसरी कोणी उभी राहील, तिला कोण प्लग काढून देणार? खोटा कौल माझ्या बाजूने लागला म्हणून खरा होतो का?"

बारा वर्षं मृणालने लोकांना अर्थिंग समजावलं होतं, पण एवढं स्वच्छ कोणी तिलाच समजावलं नव्हतं. "बरं," ती उठत म्हणाली. "मग सगळ्यांसमोरच होऊ दे. फक्त मी सांगेपर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही. कळशीपण नाही."

"नाय घालत."

बाथरूममध्ये गीझरला गेल्या वर्षीच नवीन वायरिंग केलं होतं, अर्थिंगसकट, म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणाऱ्या तारेसकट. मृणालने पिशवीतून लांब वायर काढली, एक टोक गीझरच्या अर्थिंगला जोडलं आणि दुसरं टोक आपल्या टेस्टिंग लॅम्पला. टेस्टिंग लॅम्प म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. होल्डरमध्ये शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि त्याला दोन वायरी. एक वायर अर्थिंगला गेली, दुसरीच्या टोकाला रबरी मुठीचा चिमटा. रसिका हे सगळं बघत होती. शिरा लागला, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

अकरा वाजले. शंख वाजला. हॉल भरला, दार भरलं, जिन्यातले लोक एकमेकांच्या खांद्यावरून डोकावू लागले. परात मांडली गेली.

"आणा त्या बाईला!" बुवा गरजले. "आज दूध का दूध, पानी का पानी! माई, बोल! बोटात बोल!"

जाईबाई आल्या आणि परातीच्या अलीकडे उभ्या राहिल्या. मृणाल बल्ब घेऊन त्यांच्या पुढे गेली.

"बुवा, आधी माझ्या बल्बचा कौल घ्या."

"कोण ही बाई?"

"भक्त आहे," मृणाल म्हणाली. "हा माझा बल्ब. आयुष्यात कधी खोटं बोलला नाही, कोणाची नथ चोरली नाही. माई याला काय म्हणते बघू." आणि बुवा काही बोलायच्या आत तिने चिमटा बिजागरीला लावला.

बल्ब भगभगून पेटला. हॉलमध्ये एकदम "आई गं!" असा आवाज उठला. पुढच्या रांगेतल्या चार-पाच जणांनी बल्बलाच हात जोडले. बुवा हुशार माणूस. त्यांनी पाव सेकंदात संधी पकडली. "ज्योत! माईने ज्योत पेटवली! बोला, शीतळामाई की..."

"थांबा, थांबा," मृणाल म्हणाली. "झटका बसतो त्याच्या मनात पाप, असंच ना? मग एवढा पेटला म्हणजे हा बल्ब महापापी."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. बुवांचा जयजयकार अर्ध्यातच राहिला.

"काकू, तुमची एक स्लिपर द्या जरा," मृणाल हौसाबाईंना म्हणाली. "पाय वर घेऊन बसा, खाली टेकू नका." हौसाबाईंनी गोंधळून स्लिपर दिली. मृणालने ती बिजागरीवर ठेवली आणि वरून चिमटा टेकवला. बल्ब विझला. स्लिपर काढली, पेटला. ठेवली, विझला. तिने हे चार वेळा केलं, कारण लोकांना पहिल्यांदा दिसतं आणि चौथ्यांदा कळतं.

"आई," विनीत एकदम बोलला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्याचा आवाज मोठा निघाला होता. "तुला झटका बसत नाही तो या रबरामुळे. पुण्यामुळे नाही."

"आणि माझे शूज..." सेक्रेटरी म्हणाले आणि घाईने गप्प बसले.

"आता बुवांचं आसन." मृणालने वाकून दर्भाच्या आसनाचा कोपरा उलटला. खाली जाडजूड काळी रबरी चटई शिवलेली होती, विजेच्या मोठ्या पॅनलपुढे अंथरतात तसली. "बुवा, दर्भाला रबराचं अस्तर कोणत्या पोथीत सांगितलंय?"

"ते... ते गारवा लागू नये म्हणून," बुवा म्हणाले. "आणि हे बघा, स्त्रियांनी माईच्या कामात..."

"राहिलं," मृणाल म्हणाली. "माईचा पदर सुटलाय, तेवढा नीट करते." ती साडीमागे गेली, क्षणभर खुडबुड केली आणि बाहेर आली. "माझी खात्री पटली बुवा. माई खरी आहे. फक्त एकच करा. तुमच्याइतकं शुद्ध मन इथे कोणाचं आहे? आसन सोडा, या परातीत उभे राहा आणि ललाटाला हात लावा. माई शांत राहील. मी जन्मभर तुमचं पाणी भरेन."

सगळ्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवांनी परातीकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरच्या गंधातून घामाचा एक ओघळ खाली आला.

"अकरा ते बारा माझं मौन असतं," बुवा म्हणाले.

"हात लावायला बोलावं लागत नाही," भजनीबुवा दारातून म्हणाले. पापी ठरल्यापासून ते पहिल्यांदाच तिसऱ्या मजल्यावर आले होते.

"गुरूंची आज्ञा नाही!"

"जाईबाईंसाठी होती ना आज्ञा? त्यांना तर कळशीने भिजवणार होता," रसिका म्हणाली. सासूच्या देखत ती इतक्या जोरात कधी बोलली नव्हती. "लावा की हात!"

"लावा! लावा!" जिन्यातून ओरडा सुरू झाला. लोकांना काय, तमाशा हवा. माई पेटली तरी चालते, बुवा पेटला तरी चालतो. बुवा आसनाच्या मागच्या कडेपर्यंत सरकले, पण त्याच्या बाहेर पाय टाकायला काही तयार होईनात.

मृणालने पाठीमागचा हात पुढे केला. हातात फ्रिजचा प्लग होता.

"मघाशीच काढलाय," ती म्हणाली. "फ्रिज बंद आहे. आत्ता लहान मुलानेही हात लावला असता तरी काही झालं नसतं. पण बुवांना ते माहीत नव्हतं. बुवांना माहीत होतं ते एवढंच, की पाण्यात उभं राहून याला हात लावला तर माणूस मरतो. स्वतः मरतो हे माहीत होतं, म्हणून ते रबर सोडत नाहीत. आणि जाईबाईंसाठी परात भरून ठेवली होती!"

मघाचा हशा, मघाचा ओरडा, सगळं बसलं. तेवढ्यात जाईबाई पुढे झाल्या. त्यांनी परातीत दोन्ही पाय घातले, दोन्ही तळवे बिजागरीवर ठेवले आणि हौसाबाईंकडे बघत उभ्या राहिल्या. कुंकू त्यांच्या तळहाताला लागलं.

"निर्दोष! बाई निर्दोष!" मागून कोणीतरी ओरडलं.

"नाही!" मृणालच ओरडली. "अजून तेच? बंद फ्रिज कोणाला निर्दोष ठरवत नाही आणि चालू फ्रिज कोणाला चोर ठरवत नाही. पेटी आहे ही. भाजी ठेवायची."

मग तिने साडी फेडली, आणि विनीतला हाताशी घेऊन फ्रिज पुढे ओढला. मागचा प्रकार आंधळ्यालाही दिसला असता. भिंतीला चिकटवायच्या घाईत फ्रिजचा लोखंडी पाय वायरीवरच बसला होता. वरचं प्लास्टिक चिरडलं होतं आणि आतली तांब्याची तार त्या पायाला टेकली होती.

"हे बघा माईचं मूळपीठ," मृणाल म्हणाली. "वीज या तारेतून पायात, पायातून सगळ्या पेटीत. एरवी काय झालं असतं? प्लगची तिसरी पिन, ती जाडी असते ना, तिने ही वीज जमिनीत नेली असती, फ्यूज उडाला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती. ती पिन कापली कोणी? तर दिशा बघायला आलेल्या माणसाने. मग विजेला जमिनीत जायला दुसरी वाट हवी. ओल्या पायाचा माणूस ही सगळ्यात सोपी वाट. कोरडा असेल तर झिणझिण्या, ओला असेल तर झटका, चिंब असेल तर तिरडी. यात पाप कुठे आलं?"

"आणि थंड का होत नव्हता?" विनीतने विचारलं. दुधाचा विषय तो विसरला नव्हता.

"तुम्हाला अंगावर पैठणी आणि पाठीला भिंत देऊन मे महिन्यात उभं केलं तर तुम्ही थंड राहाल? याला मागे वीतभर मोकळी जागा लागते, आतली उष्णता बाहेर टाकायला. त्यात तुम्ही दिवसातून दोनशे वेळा दार उघडून आतल्या माईचं दर्शन देताय. बर्फ कसा राहील?" ती आता सगळ्यांकडे वळली. "घरी जाऊन एवढं करा. फ्रिजचा प्लग बघा. तिसरी पिन आहे का, आणि भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला खरंच अर्थिंग जोडलंय का, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. टीव्ही, मिक्सर आणि फ्रिज एकाच लोंबत्या बोर्डावर लावू नका. पुसायच्या आधी प्लग काढा. आणि साधी मुंगी चावल्यासारखी झिणझिणी आली तरी हात जोडू नका. हात काढा, प्लग काढा आणि मेकॅनिकला फोन करा."

"तुमचा नंबर?" जावेच्या झटक्यावर खूश असलेल्या त्या बाईंनी विचारलं.

या गडबडीत साईनाथबुवा निघून गेले होते. आसन तेवढं मागे राहिलं. सेक्रेटरींनी नंतर पोलिसात तक्रार लिहून दिली, आणि एरवी सोसायटीच्या नोटिसा चार ओळींत गुंडाळणाऱ्या त्या माणसाने ती चार पानी लिहिली. पण ते पुढचं. त्या क्षणी मात्र त्यांनी घसा खाकरून विचारलं, "ते सगळं ठीक, मॅडम. पण मग नथ घेतली कोणी?"

"मला माहीत नाही," मृणाल म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही. यालाही माहीत नाही," तिने फ्रिजवर थाप मारली. "घर शोधा, कपाटं उपसा, नाहीच मिळाली तर पोलिसात जा. माहीत नसताना 'माहीत नाही' म्हणायला लाज वाटली, की मग असे बुवा लागतात."

चमत्कार संपला तशी गर्दीही संपली. आजोबा वितळलेल्या बर्फाचा ट्रे घेऊन उतरू लागले. जो जिना नऊपासून मुंगीला वाट देत नव्हता, तो पाच मिनिटांत निम्मा मोकळा झाला. हौसाबाई एका पायात स्लिपर घालून उभ्या होत्या. चेहरा उतरला होता. एका सकाळीत देवीही गेली आणि पुण्यही गेलं, असं म्हातारीचं झालं होतं. त्या हळूच जाईबाईंजवळ आल्या.

"जाई, आत चल गं. चहा टाकते. माझं चुकलं. आत बसून बोलू."

जाईबाई परातीतून बाहेर आल्या. पाय पुसले, हाताचं कुंकू पुसलं.

"आत नको," त्या म्हणाल्या.

"अगं, चुकलं म्हणतेय ना मी?"

"ऐकलं. पण मला चोर म्हणताना जिना भरून माणसं होती. चुकलं म्हणताना स्वयंपाकघर? ती माणसं चालली बघा खाली. घरी जाऊन काय सांगतील? फ्रिजमधे करंट होता, एवढंच सांगतील. माझं कोण सांगणार?"

हौसाबाईंनी विनीतकडे पाहिलं. विनीतने मान खाली घातली नाही, आणि मध्येही पडला नाही. रसिका दार धरून उभी होती. मृणाल वायर गुंडाळत होती, तिचे हात थांबले.

"नथ मिळाली की सगळ्यांना सांगतेच की मी," हौसाबाई म्हणाल्या.

"नथ मिळाली म्हणून नको, बाई. नथ मिळो, ना मिळो. तुमच्याकडे पुरावा नव्हता आणि तुम्ही मला उभं केलंत. तेवढंच सांगा."

हौसाबाईंनी दुसरी स्लिपर पायात सरकवली, दाराबाहेर गेल्या, कठडा धरला आणि जिन्यात वाकून हाक मारली. "अहो! थांबा सगळे! परत वर या!"

खालून कोणीतरी विचारलं, "का हो? माई परत आली का?"

"नाही आली!" हौसाबाई ओरडल्या. आवाज फाटला, पण त्या थांबल्या नाहीत. "माई नव्हतीच. मी सांगतेय ते ऐका. जाईबाईने नथ घेतल्याचं मी पाहिलं नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं. माझ्याजवळ काही पुरावा नसताना मी तिला चोर म्हटलं, आणि आज तिचा जीव गेला असता. माझ्या हातून गेला असता. मी तिची माफी मागते. ऐकू आलं का खालच्यांना?"

वर यायला निघालेली पावलं जिथल्या तिथे थांबली. पहिल्या मजल्यावरून भजनीबुवांचा आवाज आला, "ऐकू आलं!"

जाईबाईंनी पदराने डोळे पुसले आणि मग चहा घेतला, बाहेर, हॉलमध्ये, खुर्चीवर बसून.

आता ही गोष्ट ऐकून प्रत्येक जण एकच विचारतो, नथ शेवटी सापडली का. ते इथे मुद्दाम सांगितलेलं नाही. नथ सापडली तरच जाईबाई निर्दोष, असं ज्याला अजून वाटत असेल, त्याने ही गोष्ट पुन्हा पहिल्यापासून वाचावी. आणि वाचायला बसण्याआधी उठून आपल्या घरच्या फ्रिजची तिसरी पिन तेवढी बघून यावी.